कॅन्सर शिवल्याने होतो का?

आम्ही सायखेड्याचे. गोदाकाठची माणसे. शाळेतून निवृत्त झालो आणि संध्याकाळचा मोठ्या माणसांचा वर्ग चालवू लागलो. या वर्गात अक्षरे कमी आणि प्रश्न जास्त निघतात. आम्हांला ते आवडते.

असाच एक प्रश्न निघाला. वर्गातल्या एका बाईंच्या जावेला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. घरच्यांनी तिचे ताट वेगळे काढले. तांब्या वेगळा काढला. गोधडी वेगळी धुऊ लागले. नातवंडांना तिच्या मांडीवर बसू देईनात. बाईंनी विचारलं, "गुरुजी, हा रोग शिवल्यानं होतो का हो? डाक्टर म्हणत होते, याच्यामागं व्हायरस हाये म्हणून."

आम्ही म्हणालो, "नाही होत. ताट वेगळं काढू नका."

"मग व्हायरस कशाला म्हणाले?"

याला आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही जुने मॅट्रिक, डॉक्टर नव्हे. मग पुस्तके मिळवली, ओळखीच्या डॉक्टरांना गाठले, दोनदोनदा विचारून घेतले. राहिलेले उत्तर आता लिहितो. थोडे लांब आहे. दोन दिवसांत वाचा, चालेल.

आधी कॅन्सर म्हणजे काय ते पाहू. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. जशा भिंतीत विटा. फरक एवढाच की या विटा जिवंत असतात. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात. बोट कापले की तिथल्या पेशी वाढतात, जखम भरते, आणि वाढ थांबते. हे थांबणे महत्त्वाचे. तुम्ही रात्री पिकाला पाणी देता. वाफा भरला की दारे मोडता आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात घालता. दारे धरणाराच झोपला तर? पाणी एकाच वाफ्यात साचते, पीक सडते, बांध फुटतो. कॅन्सरच्या पेशीचे तसेच होते. थांबायचा हुकूम तिला पोचत नाही. ती वाढतच जाते आणि शेजारच्या जागेत घुसते.

एका माणसाची अशी पेशी दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजत नाही. दुसऱ्याचे शरीर ती परकी म्हणून ओळखते आणि मारून टाकते. म्हणून कॅन्सरच्या माणसाजवळ बसल्याने, जेवल्याने, त्याचे अंग पुसल्याने कॅन्सर होत नाही.

आता व्हायरस. मराठीत त्याला विषाणू म्हणतात. आपल्याकडे हा शब्द शिकवावा लागत नाही. टोमॅटोच्या प्लॉटवर व्हायरस आला की काय होते, हे निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे! विषाणू फार बारीक. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही बहुतेक दिसत नाहीत. त्याला स्वतःचे घरदार नसते. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच सामानातून स्वतःसारखे हजारो विषाणू बनवून घेतो. बहुतेक विषाणू सर्दी, ताप, कांजिण्या असले रोग देऊन जातात. थोडे विषाणू मात्र पेशीत ठाण मांडून बसतात आणि दारे धरणाऱ्यालाच झोपवतात.

ही गोष्ट पहिल्यांदा कोंबडीत सापडली. १९११ साली अमेरिकेत पेटन राउस नावाच्या शास्त्रज्ञाने एका कोंबडीच्या अंगावरची कॅन्सरची गाठ घेतली. ती वाटली. तिचा रस अशा बारीक गाळणीतून गाळला की एकही पेशी, एकही जंतू पार जाऊ नये. तो रस दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली! म्हणजे गाळणीतून जाईल इतके बारीक काहीतरी ही गाठ देत होते. लोकांनी फारसे मनावर घेतले नाही. राउसला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली. पंचावन्न वर्षांनी. तेव्हा तो सत्याऐंशी वर्षांचा होता. माणसाने धीर धरावा तरी किती!

ज्यांची पोल्ट्री आहे त्यांनी मॅरेक्सची लस ऐकली असेल. अंड्यांच्या कोंबड्यांची पिले हॅचरीतून निघण्याआधीच ती टोचतात. मॅरेक्स हा विषाणूने होणारा कोंबडीचा कॅन्सरच आहे. कोंबड्यांना आपण ही लस कधीपासून देतो आहोत. हे आम्हांला कळले तेव्हा थोडी लाज वाटली. का, ते पुढे येईल.

आता आपल्या मराठी मुलखात येऊ. कमल रणदिवे हे नाव तुम्ही ऐकले नसेल. आम्हीही शाळेत असताना ऐकले नव्हते. माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. हुजूरपागेत शिकल्या. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. लग्न होऊन मुंबईस आल्या आणि वसंत रामजी खानोलकर या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. खानोलकर टाटा हॉस्पिटलात कॅन्सरचा शोध घेत होते. १९४९ साली कमलताईंना पीएच.डी. मिळाली. पुढे त्यांनी मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात काम केले आणि १९६६ पासून चार वर्षे त्याचा कारभारही पाहिला.

त्यांचे काम उंदरांवर. हसू नका. उंदीर लवकर वाढतो, लवकर वितो. माणसाच्या तीन पिढ्या पाहायला आयुष्य जाते. उंदराच्या तीन पिढ्या वर्षात दिसतात.

उंदरांचे काही वाण असे होते की त्यांतल्या माद्यांना स्तनाचा कॅन्सर फार होई. काही वाणांत तो क्वचितच होई. सगळे म्हणत, हे रक्तातूनच येते. १९३६ साली अमेरिकेतल्या बिटनर नावाच्या शास्त्रज्ञाने एक साधी युक्ती केली. कॅन्सरच्या वाणाची पिले जन्मताच उचलली आणि निरोगी वाणाच्या आईखाली पाजायला लावली. त्या पिलांना मोठेपणी कॅन्सर कमी झाला. आई बदलली नव्हती, दूध बदलले होते. त्या दुधात विषाणू होता.

कमलताई याच रोगाच्या मागे लागल्या. मुंबईत उंदरांचे वाण जोपासले आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. त्यांना दिसले ते असे. विषाणू एकटा पुरेसा नाही. मादीचे वाण कोणते, तिच्या अंगातली स्त्रीपणाची रसायने किती, आणि विषाणू आहे की नाही, या सगळ्यांचा मेळ बसला की रोग होतो. बी, जमीन आणि पाऊस यांतले एक नसेल तर पीक येत नाही, तसे.

इथे वाचणाऱ्या आयाबायांना एक गोष्ट ठासून सांगतो. उंदराची गोष्ट उंदराची. माणसाच्या आईच्या दुधातून स्तनाचा कॅन्सर पसरतो, असे सिद्ध झालेले नाही. या शंकेने कोणी बाळाचे दूध तोडू नये.

आता शरीराचे राखणदार. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. परका कोण, आपला कोण, हे त्या ओळखतात. परका दिसला की त्याला मारतात आणि त्याचा चेहरा लक्षात ठेवतात. लस म्हणजे दुसरे काय? चोराचा चेहरा राखणदाराला आधीच दाखवून ठेवायचा. पण चोरही हुशार असतो. उंदराच्या दुधातला तो विषाणू पिलाच्या आतड्यात उतरतो आणि पहिल्यांदा राखणदार पेशींतच शिरतो. त्यांना चेतवतो, वाढवतो, आणि त्यांच्याच खांद्यावर बसून स्तनापर्यंत जातो. हे कोडे १९९० नंतर उलगडले. चोराने गुरख्याला दारू पाजावी आणि त्याच्याच पाठीवर बसून वाड्यात यावे, असा हा प्रकार!

कमलताई पीएच.डी.नंतर अमेरिकेत बाल्टिमोर गावी शिकायला गेल्या होत्या. तिथे जॉर्ज गाय नावाचे शास्त्रज्ञ शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत, पेशी जगवायला शिकवत. ते शिकून त्या परत आल्या आणि मुंबईत त्यांनी तशी प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातली ती पहिली म्हणतात. याच गायसाहेबांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली एका गरीब काळ्या बाईच्या गाठीतल्या पेशी आल्या. बाईचे नाव हेन्रिएटा लॅक्स. पाच लेकरांची आई. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. ती त्याच वर्षी वारली, वय एकतीस. तिच्या पेशी मात्र बाटलीत वाढत राहिल्या, आणि आज जगभर आहेत. तिला किंवा तिच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते. हे बरे झाले नाही, असे आमचे मत आहे.

पुढे जर्मनीत हारल्ड त्सूर हाउसेन या शास्त्रज्ञाने पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरात विषाणू शोधला. तो १९८३ साली सापडला. त्याचा एक भाऊबंद १९८४ साली सापडला, आणि हेन्रिएटाच्या त्या जुन्या पेशींतही तो निघाला. तेहतीस वर्षे तो तिथे बसून होता! त्सूर हाउसेनला २००८ साली नोबेल मिळाले. त्या विषाणूला एचपीव्ही म्हणतात.

म्हणजे त्या डॉक्टरांनी बाईंना सांगितले ते खरे होते. या कॅन्सरामागे व्हायरस आहे. मग शिवल्याने का होत नाही?

इथे लिहिताना आम्ही जरा संकोचलो. पण लिहितो. एचपीव्ही हा नवराबायकोच्या संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ताटातून, तांब्यातून, गोधडीतून कॅन्सर जात नाही. आणि कोणी लगेच बाईच्या चालीवर बोट ठेवू नये. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना, बाईला आणि बाप्याला, तो कधी ना कधी होतोच. कधी आला ते कळत नाही. वर्षानुवर्षे गुपचूप बसून राहू शकतो. त्यावरून कोणाच्या वागण्याचा हिशेब लावता येत नाही.

आता खरी गोष्ट. हा विषाणू झालेल्या शंभर बायकांपैकी बहुतेकींचे राखणदार त्याला वर्षा-दोन वर्षांत हाकलून देतात. बाईला पत्ताही लागत नाही. पण तो वरच्या कातडीतच राहतो, रक्तात उतरत नाही, आरडाओरडा करत नाही. म्हणून काही जणींचे राखणदार त्याला ओळखत नाहीत. त्यांच्यात तो मुक्काम करतो. मग पेशी आधी थोड्या बिघडतात, मग जास्त. कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात, कधी वीस. अंगातली ताकद फार कमी झालेली असेल, एचआयव्ही असेल, तर लवकर होतो.

दहा-पंधरा वर्षे, मंडळी! एवढा वेळ आपल्या हातात असतो. आणि तरी आपल्या देशात दर साली या रोगाने पाऊण लाखाहून जास्त बायका जातात.

आमच्या काकू त्यांतल्याच. पाळी जाऊन सहा वर्षे झाली होती. पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागले. पाळी परत आली असे समजून त्यांनी वर्षभर कोणाला सांगितले नाही. वास येऊ लागला तेव्हा सांगितले. त्याच घरात आम्ही, रोज वर्तमानपत्र वाचणारा मास्तर, ओसरीवर बसून होतो. विचारले नाही. बायकांचे दुखणे, आपण काय विचारायचे, असे वाटले.

आता उस्मानाबादची हकीकत ऐका. या जिल्ह्याला हल्ली धाराशिव म्हणतात. शेजारी सोलापूर जिल्ह्यात बार्शी. तिथे कॅन्सरचे हॉस्पिटल आहे. तिथले डॉ. नेने आणि टाटा हॉस्पिटलचे डॉक्टर यांनी परदेशातल्या संस्थेबरोबर १९९९ साली एक मोठे काम हाती घेतले. खेड्यापाड्यांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका त्यांत होत्या. त्यांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्हीची तपासणी, तीही आयुष्यात एकदाच. दुसऱ्या दोन गटांच्या वेगळ्या तपासण्या. चौथ्या गटाला नेहमीसारखेच ठेवले. फक्त माहिती दिली. मग आठ वर्षे नजर ठेवली. एचपीव्ही तपासलेल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारखेच, एकतीस ते चौतीस हजारांचे. पुढारलेला कॅन्सरही पहिल्या गटात ३९ जणींचा आणि दुसऱ्यात ८२ जणींचा निघाला.

त्या चौथ्या गटावर पुढे टीका झाली. उपाय माहीत असताना बायकांना तपासणीशिवाय का ठेवले, असे लोकांनी विचारले. करणारे म्हणाले, तिथे आधी कुठलीच तपासणी नव्हती, आणि तुलनेवाचून पुरावा मिळत नाही. दोन्ही बाजू आम्ही वाचल्या. पुरावा मोठा मिळाला हे खरे. पण ६४ हा आकडा आम्हांला हिशेबाच्या वहीतला आकडा म्हणून वाचवत नाही. तुम्हीही विचार करा.

ही निकालाची बातमी २००९ साली आली. कमलताई २००१ सालीच गेल्या होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले होते. उतारवयात त्या प्रयोगशाळा सोडून आपल्या सिन्नरपलीकडच्या अकोले तालुक्यात आल्या. आदिवासी मुलांना पोटभर मिळते का, हे पाहत फिरल्या, आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याची माहिती देत राहिल्या.

लसही निघाली आहे. शेंगेतला दाणा काढून घ्यावा आणि टरफल तेवढे ठेवावे, तशी ती असते. विषाणूचे नुसते टरफल. त्यात दाणा नाही, म्हणून तो वाढत नाही, रोग देत नाही. राखणदार मात्र टरफलावरून चेहरा ओळखायला शिकतात. विषाणू शिरण्याआधी दिली तरच उपयोग. म्हणून नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना द्यावी, असे जगातले जाणकार सांगतात. पुण्याच्या सीरम कंपनीनेही सर्व्हाव्हॅक नावाची लस काढली. ती २०२३ साली बाजारात आली.

लसीची चौकशीही झाली आहे, ते लपवणार नाही. २०१० साली आंध्र आणि गुजरातेत लस दिलेल्या काही मुली दगावल्याची बातमी आली. सरकारने काम थांबवले. मृत्यू लसीने झाले असे चौकशीत ठरले नाही. पण आईबापांची परवानगी नीट घेतली नव्हती, असा ठपका आला. तो रास्त होता. त्याच वेळी पुणे, बार्शी, मुंबई आणि इतर ठिकाणी दुसरा अभ्यास चालू होता. त्यात मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे होते. तोही थांबला. जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. डॉक्टरांनी त्यांच्यावर दहा वर्षे नजर ठेवली. आणि काय दिसले? एका डोसानेही जवळजवळ तितकेच रक्षण झाले होते. मोडलेल्या कामातून मिळालेल्या या उत्तराचा जगाला उपयोग झाला. एकच डोस म्हणजे खर्च कमी, खेपा कमी.

लस घेतली तरी मोठेपणी तपासणी हवीच. लस सगळ्या जातींच्या एचपीव्हीवर चालत नाही. तीस वर्षांवरच्या बाईने दर पाच वर्षांनी तरी तपासून घ्यावे. एक साधी तपासणी आहे. नर्सबाई पिशवीच्या तोंडाला पातळ केलेला शिर्का लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. जरा झोंबते, एवढेच. पाळीच्या दिवसांत जाऊ नये. पांढरे दिसले म्हणजे कॅन्सर झाला असे नाही. पुढे नीट पाहतात, आणि बिघाड लहान असेल तर तेवढा भाग गोठवून किंवा काढून टाकतात. पिशवी काढावी लागत नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसले, संबंधानंतर दिसले, किंवा वासाचे पाणी जाऊ लागले, तर पुढची तपासणी येईपर्यंत थांबू नये. तपासणी कुठे, कोणत्या वारी, लस कुठे मिळते, हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावे.

सगळ्या कॅन्सरांमागे विषाणू नसतो, हेही ध्यानात असू द्या. जगातल्या शंभर कॅन्सरांपैकी बारा-तेरांमागेच जंतू किंवा विषाणू असतात. तंबाखूचा तोंडाचा कॅन्सर तंबाखूनेच होतो. तिथे व्हायरसला दोष देऊन पुडी खिशात ठेवता येणार नाही.

हा पाठ छापायला देण्याआधी आम्ही वर्गात वाचून दाखवला. बायका ऐकत होत्या. बाप्ये खाली पाहत होते. त्या बाई म्हणाल्या, "ताट तर मी त्याच दिवशी एकत्र केलं. पण सासूबाईंना हे वाचून दाखवाया लागंल." मग एक गडी उठला, "गुरुजी, बाप्यांना काहीच नाही का?" आम्ही सांगितलं, आहे. हाच विषाणू बाप्यांना घशाचा आणि लिंगाचा कॅन्सर देऊ शकतो. त्याहून जास्त वेळा तो बाप्याच्या अंगात गुपचूप बसतो आणि घरात आणला जातो. गडी खाली बसला. त्याची बायको पस्तिशीची आहे. तिला तपासणीचे त्याने सांगितले की नाही, ते अजून कळले नाही. उद्या वर्गात विचारणार आहोत.